आधी शेपूट दाखव

मासे धरणाऱ्या माणसाच्या फ्रीजमध्ये मासा सापडेलच असं नाही, पण किस्से मात्र घरभर सापडतात. आमची बायको म्हणते, वर्षभरात तुम्ही आणलेले मासे एका ताटात मावतील आणि आणलेल्या गोष्टींसाठी मागे एक खोली काढावी लागेल. तिचं बरोबर आहे. धरलेल्या माशाची गोष्ट दोन मिनिटांत संपते. कापला, तळला, खाल्ला. सुटलेला मासा मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतो आणि दर दिवाळीला किलोभर वाढतो!

आमचं टोळकं पाच जणांचं. मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मशीन सांभाळतो. पंकज विमा विकतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर मासेमारीचे व्हिडिओ बघतो, किंवा उलट. राजू बपेऱ्याचा, धानाची शेती आणि शेताला लागून स्वतःची एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. पुरुषोत्तमचं तुमसरच्या बाजारात दोरांचं दुकान आहे. बैलांची दावी, ताडपत्र्या, जाळी, आणि कोपऱ्यातल्या एका काचेच्या कपाटात आमच्या व्यसनाचं सगळं सामान. पाचवे, म्हणजे खरं तर पहिले, भोयर सर. आयटीआयमध्ये फिटरचे इन्स्ट्रक्टर होते, आता रिटायर झालेत. सर एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण गाठीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी वर्गातली छापील मराठी येते. त्या मराठीला आम्ही सगळे घाबरतो.

आमचा सगळ्यांचा जीव मरळ नावाच्या माशात अडकलेला. ही बाई राहते कमळाच्या पानांखाली, गवताच्या गुंत्यात. दात असे की साधा दोरा ब्लेड मारल्यासारखा जातो. म्हणून बारीक दोऱ्याच्या टोकाला हातभर जाड, चिवट दोरा जोडायचा. तो लीडर. लीडरच्या टोकाला ल्यूर, म्हणजे रबराचा खोटा बेडूक नाहीतर प्लास्टिकची खोटी मासोळी. आणि लीडर आणि ल्यूर यांच्या मध्ये असते ती गाठ. आमचे सगळे मासे त्या गाठीपाशी सुटले आणि आमची सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली.

*

पंकजचं तत्त्व सोपं होतं. मासा मोठा पाहिजे तर दोरा जाड पाहिजे. त्यानं ऑनलाइन असा लीडर मागवला की त्यावर धुतलेली चादर वाळत घालता आली असती. बोडीवर आला, मोबाईल झाडाच्या खोडाला टेकवला आणि व्हिडिओत बघून बेडकाला क्लिंच गाठ मारायला बसला. व्हिडिओतला माणूस बारीक दोऱ्याला सात वेढे देत होता. यानं आपल्या चादरीच्या दोरीला सात वेढे दिले.

जाड दोरा इतक्या वेढ्यांत आवळलाच जात नाही. पंकजनं हातानं ओढला, पकडीनं ओढला, शेवटी बेडूक बाभळीला अडकवून पाय टेकवून ओढला. गाठ फुगून तशीच. राजू म्हणाला, "मरळ लागेपर्यंत आवळली जाईन, भाऊ. टाक आता."

पंकजनं टाकला. काय टाकला म्हणून सांगू! बेडूक असा गेला की आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. बोडीच्या बरोबर मधे, एका कमळाच्या पानावर जाऊन बसला. इकडे पंकज रीळ फिरवतोय आणि लीडर एकटाच घरी परत येतोय.

पाचव्या मिनिटाला एक बगळा आला आणि बेडकाशेजारी उभा राहिला. पंकज काठावरून त्याला हातवारे करत होता. राजू म्हणाला, "त्याचा विमा काढून टाक. आता तोच गिळन."

सरांनी तो परत आलेला लीडर हातात घेतला. टोक गोल गोल वळलेलं, डुकराच्या शेपटीसारखं. तिथेच त्यांनी आम्हाला आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा पुन्हा एकदा दिला. "लक्षात ठेवा. दोरा तुटला, तर टोक सरळ राहते. गाठ सुटली, तर टोक वळलेले येते. सरळ शेपूट म्हणजे दोष दोऱ्याचा. वाकडे शेपूट म्हणजे दोष तुमचा. आणि जाड लीडरला वेढे तीन, फार तर चार."

तेव्हापासून नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून आमचा नियम आहे. मासा सुटला म्हणून कोणी रडत आला की सांत्वन नाही, विचारपूस नाही. आधी शेपूट दाखव!

*

हा नियम कुठून आला, तेही सांगायला पाहिजे. सरांच्या माशातून आला.

नऊ वर्षांपूर्वी सर एकटेच बपेऱ्याकडे नदीवर गेले होते आणि त्यांच्या ल्यूरला मरळ लागली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती हाताएवढी होती. हल्ली सांगतात तेव्हा सर दोन्ही हात पसरतात आणि तरी समाधान न होऊन खोलीच्या भिंतीकडे बघतात. साक्षीला कोणी नव्हतं, राजूची एक म्हैस पलीकडे चरत होती तेवढीच. पंधरा मिनिटं झुंज झाली आणि मासा गेला. सर परत आले आणि भर बाजारात एवढंच बोलले. "गाठ नाही सुटली. दोरा तुटला."

दोरा पुरुषोत्तमच्या दुकानातला होता.

झालं! त्या दिवसापासून सर त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. सामान नागपूरहून मागवायचे. आमची बैठक समोरच्या चहाच्या टपरीवर व्हायची, सर दुकानाकडे पाठ करून बसायचे आणि पुरुषोत्तम गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून यायचा. दोघं बोलायचे, पण दोऱ्यावर नाही. पुन्हा असा वाद नको म्हणून पुढच्या प्रत्येक सुटलेल्या माशाचं शेपूट बघायचं ठरलं, सरांचं मात्र कोणी मागितलं नाही. बाजारात मात्र गोष्ट फिरली. आठवडी बाजाराला आलेला माणूससुद्धा गंमत म्हणून विचारायचा, का जी, हा दोरा भोयर मास्तरवाला तर नाही ना? सगळे हसायचे. मीही हसायचो. पुरुषोत्तमही हसायचा, पण दोरांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला ते हसणं किती लागत असेल, याचा मी कधी विचार केला नाही. त्याच्या बापानं ते दुकान टाकलं होतं आणि बापाची शपथ होती की आपल्या दाव्याचा बैल सुटता कामा नये.

पुरुषोत्तमनं भांडण केलं नाही. त्यानं त्याच बंडलातला हातभर दोरा कापला, दुकानाच्या छताच्या कडीला बांधला आणि त्याला रेतीची थैली टांगली. चांगली पंधरा-वीस किलोची. नऊ वर्षं झाली, थैली तिथेच आहे. गिऱ्हाइकांची डोकी आपटतात, त्याची बायको दर दिवाळीच्या सफाईला ती काढ म्हणते. तो काढत नाही. खाली कधी काही लिहिलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. सर दुकानात येत नसल्यामुळे त्यांनी ती थैली बघितलेली नाही, असं आम्ही समजून चाललो होतो.

*

गाठ आवळायच्या आधी ओली करावी लागते. कोरडी ओढली तर दोरा घासून तापतो आणि तिथेच कच्चा होतो. सर सांगायचे, "थुंकी लावा." सोपं आहे. पण राजूच्या तोंडात चोवीस तास खर्रा! त्यानं गाठ तोंडात धरली की पांढरा लीडर विटकरी होऊन बाहेर यायचा.

सरांनी बंदी घातली. तंबाखू-सुपारीनं दोऱ्याची शक्ती जाते, असं त्यांचं म्हणणं. पंकजनं तर गाठीला लावायचं खास तेल ऑनलाइन मागवलं, ड्रॉपरच्या बाटलीतून. निकाल लावायला आम्ही तीन गाठी बांधल्या: सरांची शुद्ध थुंकीची, पंकजची तेलाची आणि राजूची खर्ऱ्याची. राजूच्या अंगणात आंब्याच्या फांदीला तिन्ही टांगल्या, खाली बादल्या लावल्या आणि त्यात एकेक वीट टाकत गेलो.

पहिली गेली तेलाची. सरकन. दुसरी गेली सरांची. सर बराच वेळ फांदीकडे बघत राहिले आणि फांदीलाच काहीतरी झालं असावं असं म्हणाले. खर्ऱ्याच्या गाठीखालची बादली विटांनी भरली, वर एक दगड ठेवला, तरी हलायला तयार नाही.

पुढच्या रविवारी सर बोडीवर आले. शांतपणे लीडर ल्यूरला ओवला, वेढे दिले आणि गाठ राजूसमोर धरली. छापील मराठीत म्हणाले, "राजू, जरा ओली कर."

*

सगळ्यात मजबूत गाठ पालोमार, यावर जगात एकमत आहे. यात लीडर दुमडून ल्यूरच्या कडीतून घालायचा, सैल गाठ मारायची आणि मग तयार झालेल्या फासातून अख्खं ल्यूर पलीकडे काढायचं. साध्या गळाला ठीक आहे. पण आमच्या प्लास्टिकच्या मासोळीला खाली तीन-तीन काट्यांचे दोन गुच्छ असतात. म्हणजे सहा काटे फासातून काढायचे आणि सातव्या कोणत्या गोष्टीला लागू द्यायचे नाहीत.

आम्ही शहापूरजवळच्या एका तलावावर होतो. पंकज माझ्या मागे उभा राहून गाठ बांधत होता, कारण तिथे माझी सावली पडत होती. पुढचा गुच्छ फासातून निघाला. मागचा माझ्या शर्टाच्या कॉलरमध्ये रुतला. तो सोडवायला गेला तर पुढचा त्याच्या अंगठ्यात रुतला. आता शर्ट माझा, अंगठा त्याचा आणि मधे ल्यूर.

शर्ट काढायचा तर अंगठा हलतो आणि पंकज आईला हाक मारतो. शेवटी मी मोटारसायकल चालवली आणि पंकज मागे बसला, माझ्या मानेवर हात ठेवून. हायवेनं जाताना ओळखीचे दोन जण भेटले. एकानं दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, तुमचं दोघांचं बरं चाललंय ना.

शहापूरच्या डॉक्टरांनी आधी माझा शर्ट कापला, मग इंजेक्शन देऊन अंगठ्यातला काटा काढला. हातात ल्यूर आल्यावर त्यांनी लीडर धरून दोन-चार हिसके दिले. बारीक डोळे करून गाठ बघितली.

"पालोमार ना? एक नंबर बसली. मी बी शनिवारी जातो."

*

राजूच्या घरी सर एकदा नॉन-स्लिप लूप शिकवत होते. जाड लीडर कडक असतो. गाठ ल्यूरला घट्ट आवळली तर खोटी मासोळी काठीसारखी सरळ येते, तिची डुलती चाल जाते. म्हणून न आवळणारा फास ठेवायचा. फास मोकळा, मासोळी मोकळी, आणि कितीही ओढलं तरी फास तेवढाच राहिला पाहिजे. सरांनी समजण्यासाठी कासऱ्याएवढा दोर घेतला आणि खाटेच्या पायावर तासभर धडा चालवला. राजूची आई दारात बसून तांदूळ निवडत होती.

सरांनी फास पूर्ण केला, आमच्याकडे बघून हसले आणि ओढला. फास खाटेच्या पायाला कचकन आवळला. पुन्हा बांधला. पुन्हा आवळला.

म्हातारी उठली. अंगणात वासरू होतं. तिनं खाटेवरचाच दोर उचलला, वासराच्या गळ्यात टाकला, एका हातानं काहीतरी केलं आणि खुंट्याला बांधून टाकलं. वासरानं मागे हिसके दिले. फास जिथल्या तिथे, वासराच्या गळ्यात चार बोटं जागा.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्यावाला बांधला अस्ता त वासरू सांजेपर्यंत मेलं अस्तं. पोरायले हेच शिकवत होते का जी तुमी?"

सरांनी वासराभोवती तीन चकरा मारल्या. गाठीला खालून, वरून, बाजूनं बघितलं. कागद काढून आकृती काढली. पुढच्या रविवारी टपरीवर आम्हाला एक नवीन गाठ शिकवण्यात आली. जाड लीडरसाठी सर्वोत्तम. नाव, भोयर लूप.

राजू फक्त "हंबा" म्हणाला.

*

शेपटीचा नियम इतका कडक झाला की लोक त्यातून पळवाटा शोधू लागले. लोक म्हणजे पंकज.

बोडीवर त्याची मोठी मरळ सुटली, मी डोळ्यांनी बघितली. तो म्हणाला, तुटला. सर म्हणाले, शेपूट. पंकज पाठ वळवून जरा वेळ लीडर गुंडाळत राहिला आणि मग टोक पुढे केलं. सरळ. अगदी सुईसारखं सरळ.

सरांनी खिशातून भिंग काढलं. फिटरचा माणूस, लोखंड कापलेलं आहे की तुटलेलं आहे हे ओळखण्यात आयुष्य गेलेलं. दोन सेकंद बघितलं आणि लीडर परत दिला.

"पंकज, मरळीला नेलकटर कोणी दिलं?"

आम्ही हसून हसून लोळलो. सर मात्र हसले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, "सुटलं तर सुटलं म्हणायचं. शेपूट कापून काय होते?" छापील मराठीत नाही, आपल्या साध्या आवाजात. मला तेव्हा वाटलं, बाकीचं भाषण उद्यासाठी ठेवलंय.

*

यंदा उन्हाळ्यात सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याचं अजून व्हायचं होतं, त्यामुळे त्यातूनही धुरकटच दिसायचं. काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, मला फोन आला. पावसाळ्याच्या आधी ल्यूरना तेल लावायचं राहिलंय म्हणून घर डोक्यावर घेतलंय, तुम्ही येऊन लावून द्या. मी निघालो आणि वाटेत काय मनात आलं, पुरुषोत्तमच्या दुकानापुढे गाडी थांबवली. तो नाही म्हणाला. मी म्हणालो, आजारी माणूस आहे. तो थैलीकडे एकदा बघून, दुकान बायकोवर टाकून मागे बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरांच्या घरी येत होता.

सरांनी आवाजावरून ओळखलं. "पुरुषोत्तम का? बस," एवढंच म्हणाले.

मी पेटी उघडली. आयटीआयची शिस्त, प्रत्येक डबीवर चिठ्ठी. बेडूक लहान. बेडूक मोठे. कड्या. सर म्हणाले, "लाल डबीतल्या कड्यांनाही तेल लाव." लाल डब्या दोन होत्या. एक पुरुषोत्तमनं उघडली. पत्र्याचं झाकण टक्कन वाजलं आणि सर खुर्चीत ताठ झाले.

डबीत कड्या नव्हत्या. वीतभर जुना लीडर होता, पिवळा पडलेला. झाकणाच्या आत सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: बपेरा. आणि लीडरचं टोक गोल गोल वळलेलं होतं. तीन वेढे, डुकराच्या शेपटीसारखे, नऊ वर्षांनंतरही जसेच्या तसे.

पहिल्यांदा राग आला. मग पुरुषोत्तमकडे बघितलं आणि त्या सगळ्या हसण्याची लाज वाटली. त्यानं लीडर दोन बोटांत धरला, खिडकीच्या उजेडात नेला, बोटावर वेढे फिरवून बघितले. आपल्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, अख्ख्या लांबीवरून, कुठे खरवडलेलं आहे का ते बघत. कुठेच नव्हतं.

"काय आहे त्यात?" सरांनी विचारलं.

पुरुषोत्तमनं लीडर डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"काही नाही जी. तुटलेला दोरा हाय. सरळ तुटला हाय."

सर हिरव्या पट्टीखालून आमच्या दिशेला तोंड करून बसले होते. काकूंनी चहा आणला, तो पुरुषोत्तमच्या हातात दिला. त्यानं बशीत ओतला, फुंकला, प्यायला. कप खाली ठेवल्याचा आवाज झाला तेव्हा सर बोलले.

"पुरुषोत्तम, ते रेतीची थैली काढून टाक आता. कोणाच्या डोक्यावर पडन."

"नाही पडत, सर."

"मालूम हाय मले," सर म्हणाले.